लावास ते मिरी : नकाशावर वीतभर

तुम्हीच सांगा, विश्वास कुणावर ठेवायचा, नकाशावर की सख्ख्या भावावर? नकाशा म्हणतो लावास ते मिरी वीतभर, आणि आमचा धाकटा हुईसेंग म्हणतो, "दादा, नकाशा भिंतीला शोभतो, तू गाडीत बस!" आता चिनी नववर्षाच्या आदल्या संध्याकाळचं जेवण, मिरीला आईच्या घरी, आणि गेल्या साली ढग उतरले, माझं विमान उडालंच नाही, तर आई वर्षभर फोनवर फक्त "हं" म्हणाली... यंदा चुकलो असतो तर तो "हं"ही गेला असता!

तरी मी विमानच धरलं. का? तुम्हाला सांगतो, सरळ जातं ते! तेव्हा ब्रुनेईचे दोन तुकडे जोडणारा नवा पूल नव्हता. रस्ता आपल्या मुलखातून निघून परक्या देशात, ब्रुनेईत शिरायचा, लिंबांगला पुन्हा आपला मुलूख, की परत ब्रुनेई, मग कुठे मिरी... प्रत्येक वेशीवर शिक्का! आणि नकाशावर म्हणे वीतभर!

विमान तरी केवढं? टेम्पोला पंख! माणसाला सामानासकट काट्यावर उभं करतात. मी उभा, कडेवर घरच्या लाल दारूची बरणी, आईच्या कोंबडीच्या रश्श्यासाठी. त्याशिवाय तिच्या घशाखाली शेवया उतरत नाहीत. वजन करणारी विमानतळावरची पोरगी रिनिंग एकदा काटा बघते, एकदा मला... "तौके," आमच्याकडे दुकानदार शेठला तौकेच म्हणतात, "तुम्ही तरी जा, नाहीतर बरणी तरी." जन्मभर दुकानात लोकांना तांदूळ तोलून दिले हो, आणि मलाच बरणीशी तोलतात! म्हटलं, "पोट आत घेतो."

"काट्याला कळतं, तौके!"

मागची सगळी रांग हसली. सोडायला आलेल्या हुईसेंगने बरणी उचलून गाडीत ठेवली, वर दात काढून म्हणतो, "बरं झालं, आई हिचीच वाट बघतेय!"

उडालो! खाली नदी, खाली कुठेतरी हुईसेंग शिक्क्यांच्या रांगेत... मिरीला उतरलो, घर गाठलं, आई दारात, आणि आई बोलली! पुरतं वाक्य! "आलास? चप्पल काढ, हात धू, माझ्याशेजारी बस." अहो, वर्षभराने!

तेवढ्यात फोन. "दादा, लिंबांगला अडकलो! सकाळी ब्रुनेईत शिरताना बरणीचा कागद भरला, चाललं. आता दुसऱ्यांदा शिरतोय तर म्हणतात, दोन दिवसांत दारू एकदाच आणता येते. ओत, नाहीतर माघारी जा!"

"अरे, पण बरणी तीच ना?"

"मीही तेच म्हटलं! साहेब म्हणाला, बरणी तीच, वेस दुसरी."

आईने फोन हिसकावला. "थेंब सांडलास तर याद राख! लिंबांगला मावशी आहे ना? तिच्याकडे जा!"

गेला बिचारा... बिचारा कसला! आमच्या रश्श्यात कोपऱ्यावरच्या दुकानातली बाटली, चव भिजल्या पुठ्ठ्याची; आणि तिकडे मावशीने घरच्या दारूत कोंबडी शिजवली, अन् हा पठ्ठ्या फोनवर मला भुरके ऐकवतोय. भुरके! नकाशावर म्हणे वीतभर!

पण जिंकलो मीच! आईशेजारी कोण बसलं? मी! बाजारात कुणी विचारलं, कोण पोचलं, तर माझं नाव घ्या, मोठ्याने घ्या. रस्सा कुणी ओरपला असं विचारलं तर मात्र जरा... खोकला काढा... नाही, नको, तेही सांगा. मी दुकानदार माणूस. जिंकलो ते जमेला धरा, रस्सा नावे टाका, पण बाबांनो, हिशोब तेवढा प्रामाणिक ठेवा.