आठ व्हॉल्व्हचा रेडिओ आणि अकोल्याचं उत्तर

हसू नका गं, माझा राग अजून गेलेला नाही. घरीच आठ व्हॉल्व्हचा दणदणीत रेडिओ जोडायचा म्हणून मी सुट्या भागांची यादी केली, दहादा तपासली आणि मामांसोबत अकोल्याच्या दुकानात गेले. मामा वकील, रेडिओचं त्यांना फक्त बटण ठाऊक.

दुकानदारानं ट्रान्सफॉर्मर काढला. मी घाबरतच म्हटलं, "हा पाच व्हॉल्व्हचा आहे. आठांना पुरणार नाही, जळेल."

तो माझ्याकडे न बघता मामांना म्हणाला, "वकीलसाहेब, पोरीले सांगा, घरच्या रेडिओले हाच चालते."

मी हातभर अंतरावर उभी. तरी मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलं ना? हाच चालते."

"मामा, मी बी.एस्सी. आहे."

"अन् तो रोज हेच विकून राहिला. चाल आता."

अमरावतीला येऊन रेडिओ जोडला, लावला. दहाव्या मिनिटाला फट्ट झालं, धूर निघाला आणि मी किंचाळून बाजेवर चढले.

दुसऱ्याच दिवशी त्या दुकानदाराला पत्र लिहिलं. आठ व्हॉल्व्हना केवढा ट्रान्सफॉर्मर लागतो, त्याचं सगळं गणित मांडलं. खाली सही म्हणून नुसती आद्याक्षरं, आडनाव आणि पुढे बी.एस्सी.

आठवड्यानं उत्तर आलं: "श्रीयुत साहेब, आपले गणित अचूक आहे. मोठाच ट्रान्सफॉर्मर पाहिजे, लहान जळतो. मागे एक वकील भाचीला घेऊन आले होते. मी पुष्कळ समजावले, पण पोरीने हट्टाने लहानच नेला."