शेवटचं पान

दवाखान्यात पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेल्या शिंप्याच्या कानावर मागच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं पडत होतं.

"मावशी, फाइल अगदी टापटीप ठेवलीय हो!"

"ठेवावी लागते. भावाला बोलता येत नाही. दुखलं की तो हसतो, हे पहिल्याच पानावर लिहिलंय. नाहीतर नवे डॉक्टर म्हणतात, स्वारी खुशीत आहे."

"सगळं पेननं, मग शेवटचं पान पेन्सिलनं का?"

"मी नसले तर त्याच्यासाठी कोणाला बोलवायचं, ते तिथे लिहिते. आधी बहिणीचं नाव होतं, मग भाच्याचं, मग शेजारणीचं. एकेकानं अंग काढून घेतलं."

"आणि आता?"

"खोडून खोडून कागद विरलाय."

मागे फाइलचं पान उलटल्याचा आवाज आला, मग मावशींचा.

"पोरी, तू इथे जवळच राहतेस का गं?"