जनरलसाहेबांचा फोटो उतरला

अमेरिकेत, कॅरोलिनातल्या लष्करी दवाखान्यात, औषधांच्या रांगेत उभ्या डेल्फीनच्या पुढे दोन म्हातारी माणसं बोलत होती. समोर अधिकाऱ्यांच्या फोटोंची ओळ होती. त्यातला जनरलसाहेबांचा आज सकाळीच उतरवला होता.

“हाताखालच्या बाईशी भानगड केली, म्हणून तीस वर्षांची नोकरी मातीत?”

“नियम आहे, होलिस.”

“अगं वर्ना, लढाईत त्या डोंगरातून चाळीस पोरं जिवंत आणली त्याने!”

“आणली ना. माझा पोरगा रॉयही त्यातलाच.”

“मग?”

“रॉयने अशीच भानगड केली, तेव्हा त्याला नोकरीतून काढायच्या कागदावर सही कोणाची होती?”

“साहेबांची.”

“आणि मी रडत आले, तेव्हा तू काय म्हणालास?”

रांग पुढे सरकली. होलिस हलला नाही. डेल्फीननेही घाई केली नाही.

“शिस्त म्हणजे शिस्त, म्हणालो.”