सासूबाईंची खुर्ची

तुम्ही हसाल, पण आमचं नाटक वाचवलं ते साठेकाकांच्या कैलासवासी सासूबाईंनी.

नाटक प्रायोगिक. रंगमंचावर एक नट आणि एक खुर्ची. शेवटी नट निघून जातो आणि पाच मिनिटं नुसती शांतता. सरकारी अनुदान समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "अहो, नवीन प्रयोग जरूर करा, पण आधी कुठेतरी यशस्वी झालेला करा."

मग गेलो साठेकाकांकडे. मंडईजवळ त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. संहिता त्यांनी उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "पैसे देतो. फक्त सासूबाईंचं नाव घाला. देवळातल्या पंख्यावर घालतात, तसं."

"काका, नेपथ्यच नाहीये. एकच खुर्ची आहे."

"मग खुर्चीवर घाला."

घातलं. पाठीच्या मागच्या बाजूला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा बेतानं: 'कै. द्वारकाबाई लेले यांच्या स्मरणार्थ.'

पहिल्याच प्रयोगाला आमच्या नटानं जाताना गडबडीत खुर्ची उलटी ठेवली. पाच मिनिटं झोतात फक्त द्वारकाबाई! पुढच्या रांगेतल्या दोन बायका चक्क रडायला लागल्या.

प्रयोगानंतर समितीतले तेच गृहस्थ धावत आत आले. "मृत्यूला असं थेट समोर बसवायचं! काय हे धाडस! पुढच्या वर्षी अनुदान नक्की. फक्त त्या खुर्चीला हात लावू नका."

मी आनंदानं काकांना जाऊन सांगितलं. काका पातेलं पुसत म्हणाले, "द्वारकाबाई आमच्या आहेत. सरकारला पैसे घालायचे असतील, तर त्यांनी आपलं कुणीतरी गेलेलं बघावं."