बोरतलावचं टेबल

ब्राह्मणपाऱ्यातल्या लग्नपत्रिकांच्या दुकानात कुमुदताई मघापासून घड्याळ पाहत होत्या. पुढे रेल्वेतून रिटायर झालेले एक काका आणि त्यांची लग्न ठरलेली पोरगी बसली होती. दोघांचं काही संपत नव्हतं.

"प्रत्येक टेबलाला एका स्टेशनचं नाव, पप्पा. जिथं जिथं तुमची पोस्टिंग होती. आणि ताटाजवळ पाहुण्याच्या नावाचं, जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटासारखं कार्ड."

"आपली माणसं नाव पाहून बसतात का वो? पंखा पाहून बसतात."

"बसू द्या. टेबल तर सुंदर दिसेल ना!"

"दाखव बरं यादी. गोंदिया, सालेकसा, डोंगरगढ... बोरतलाव काहून सोडलं?"

"एवढंसं स्टेशन. कोणाले माहीत आहे?"

"तुझ्या आईले माहीत आहे. लग्न झाल्यावर पहिल्यांदा तिथंच उतरली. चारी बाजूनं जंगल पाहून अशी रडली, का मीच घाबरलो."

"मग बोरतलाव तुमचं दोघांचं. भैया, एक छोटे टेबल का कार्ड और, दो टिकट के साथ."

"पागल झाली का? पोरीचे मायबाप सगळ्यांच्या शेवटी जेवतात, तेही उभ्याउभ्या."

"माझ्या लग्नात बसून जेवतील."

काकांनी नमुन्याचं तिकीट दुकानदारापुढे सरकवलं.

"भैया, इसकी मम्मी के टिकट पे 'खिडकी' लिख देना. जन्मभर खिडकीच्या जागेसाठीच भांडून राहिली माझ्यासंग."

दुकानदारानं मान वर केली. "दीदी, आपका?"

"पहले इनका करो, भैया," कुमुदताई म्हणाल्या. "मले घाई नाही."