खुर्च्या नसलेलं वाचनालय

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

ह्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. रडू येईल म्हणून नाही. राग येईल म्हणून. मग नाओमीचा फोन आला. नाओमी म्हणजे मिस लोरेनची मुलगी, इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. ती समोर बसली आहे. ती म्हणाली, "संगीता, तू बोल. पण माझ्या आईला नुसती गोड आजी करून टाकू नकोस." म्हणून मी उभी आहे. तिला मराठी कळत नाही. माझी लेक तिच्या शेजारी बसून कानात इंग्रजीत सांगते आहे. बाळा, मी बोलेन ते सगळं सांग. काही गाळू नकोस.

माझ्या आधी जे बोलले ते म्हणाले, मिस लोरेन प्रेमळ होत्या. हसतमुख होत्या. मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या. ऐकलं मी सगळं. त्यात खोटं काही नाही. पण मंडळी, गेले काही महिने त्या हसतमुख नव्हत्या. चिडलेल्या होत्या. आपल्यावर चिडलेल्या होत्या. ते का नाही कुणी बोललं?

आज इथे आखातात नव्यानं आलेले चेहरेही आहेत, त्यांच्यासाठी सांगते. सबाह अल-सालेम भागात आमच्या बिल्डिंगच्या सरदाबात, म्हणजे तळघरात, आपल्या मराठी मंडळाचं वाचनालय आहे. मी त्याची चिटणीस. दिवसभर एका कंपनीत अकाउंट्स बघते, शुक्रवारी पुस्तकं बघते. मिस लोरेन त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर लेकीकडे राहायच्या. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावातल्या. काळ्या. हो, काळ्या. हा शब्द इथे सगळे चाचरत बोलतात, त्या स्वतः ठणकावून बोलायच्या. पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण शुक्रवारी चार वाजता जिना उतरून सरदाबात हजर. मुलांना इंग्रजी पुस्तकं वाचून दाखवायच्या आणि मधेच थांबून विचारायच्या, ह्या शब्दाला तुमच्या भाषेत काय म्हणतात? मुलांना माहीत नसायचं. मग म्हणायच्या, जा, आईला विचारून ये, तोवर गोष्ट पुढे जाणार नाही. माझी लेक घरात माझ्याशी इंग्रजीत बोलायची. धावत येऊन मराठी शब्द मागायला लागली, ती ह्या बाईमुळे.

एकदा मी त्यांना सहज विचारलं, तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तरी मुलं गेल्यावरही तुम्ही इथे बसून असता. कशासाठी? त्या म्हणाल्या, "वाचनालयात बसायला मिळतं ना, म्हणून बसते." मला वाटलं चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. त्यांनी मला त्यांच्या गावाची गोष्ट सांगितली. इंग्रजीत सांगितली, मी माझ्या भाषेत सांगते.

त्यांच्या गावात एक मोठं वाचनालय होतं. गावाच्या पैशाचं. पण काळ्यांना आत प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी चर्चच्या मागच्या खोलीत एक फळी होती, तिच्यावर गोऱ्यांनी टाकून दिलेली पुस्तकं. शेवटची पानं फाटलेली. मिस लोरेन म्हणायच्या, लहानपणी मला वाटायचं गोष्टी अशाच मधेच संपतात.

त्या पंधरा वर्षांच्या असताना त्यांच्यासह पाच मुलींनी ठरवलं. चर्चला जायचे कपडे घातले, बुटांना पॉलिश केलं आणि सरळ त्या मोठ्या वाचनालयात शिरल्या. प्रत्येकीनं एकेक पुस्तक काढलं आणि टेबलाशी जाऊन बसली. बस्स. एवढाच गुन्हा. घोषणा नाही, दगड नाही. बसल्या आणि वाचायला लागल्या.

तिथल्या ग्रंथपाल बाई आल्या. मिस लोरेनची आई त्या बाईंच्या घरचे कपडे धुवायची, इस्त्री करायची. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "लोरेन, तुला इथे बसता येणार नाही हे तुला माहीत आहे." मिस लोरेन मला म्हणाल्या, "पोलिसांनी दंडाला धरून नेलं, त्याचा मला तेवढा राग नाही. त्या बाईला माझं नाव ठाऊक होतं, त्याचा आहे. अनोळखी माणसानं हाकललं तर समजू शकते. ही मला ओळखत होती."

पाचही मुलींना कोठडीत ठेवलं. वडील लाकडाच्या गिरणीत होते, त्यांना मालकानं बोलावून सांगितलं, मुलीला आवर घाल. ते म्हणाले, मुलगी पुस्तक वाचत होती, आवर कशाला घालू? त्याच आठवड्यात नोकरी गेली.

पुढे कोर्टात गेलं प्रकरण. कोर्ट म्हणालं, वाचनालय सगळ्यांना उघडा. तर गावानं काय केलं? वाचनालयच बंद केलं. दुरुस्ती आहे म्हणाले. बऱ्याच दिवसांनी उघडलं. मिस लोरेन पहिल्या दिवशी गेल्या. दार उघडं, पुस्तकं जागच्या जागी. आणि आत एक खुर्ची नाही, एक टेबल नाही. सगळं उचलून नेलेलं. काळ्यांनी यायचं तर या, पण बसायचं नाही. गोऱ्यांनाही बसायला नाही! मंडळी, जरा विचार करा. ती माणसं स्वतः उभी राहायला तयार झाली, पण ह्या मुलींच्या शेजारी बसायला तयार झाली नाहीत.

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? म्हणाल्या, "काय करणार? बंद होईपर्यंत उभी राहून वाचलं. दुसऱ्या दिवशी परत गेले."

तिकडे वडिलांना गावात कुणी काम देईना. घर सोडून सगळे उत्तरेला गेले. तिथल्या थंडीत वडील खचले, फार जगले नाहीत. ह्या बाई शिकल्या, शिक्षिका झाल्या. म्हातारपणी एकदा त्या गावी जाऊन आल्या. वाचनालयाच्या भिंतीवर फलक लावलाय. वकिलाचं नाव आहे, पाद्र्यांचं आहे, महापौराचंसुद्धा आहे. आणि खाली लिहिलंय, चार विद्यार्थिनी. नावं नाहीत. मिस लोरेन म्हणाल्या, "संगीता, आम्ही पाच जणी होतो. त्यांनी कुणाला वगळलं तेही मला कळलं नाही."

आता आपल्याकडे येते.

शरीफभाई, तुम्ही आलात, बरं केलंत. तुम्हाला ग्रुपवर निरोप मिळाला नाही, कारण ग्रुप फॅमिलीवाल्यांचा आहे. मी फोन केला म्हणून कळलं. शरीफभाई दापोलीकडचे. जलीबच्या कामगार वस्तीत एका खोलीत सात-आठ जणांत राहतात, शाळेची व्हॅन चालवतात. इथे बसलेल्या किती घरांतली मुलं रोज सकाळी त्यांच्या व्हॅनमधून शाळेत जातात? हात वर करू नका. मला माहीत आहे.

ह्या माणसाला मराठी कादंबऱ्यांचं वेड. दोन मित्रांना घेऊन शुक्रवारी वाचनालयात यायचे, कोपऱ्यात बसून वाचायचे. कुणाशी बोलणं नाही, चालणं नाही. आणि मग कुजबुज सुरू झाली. बॅचलर लोक आहेत, बायकामुलं गावाकडे. लेडीज असतात. मुलं असतात. ही फॅमिली बिल्डिंग आहे.

मी मीटिंगमध्ये विचारलं, त्यांनी काय केलं ते सांगा. कुणाला काही बोलले? कुणाकडे बघितलं? तसं काही नाही. मी विचारलं, घरमालकाची तक्रार आहे का? तेही नाही. मी स्वतः मालकाकडे गेले होते. तो म्हणाला, वाचताहेत ना? वाचू देत. तक्रार कुणाचीच नव्हती, मंडळी. तक्रार आपली होती. गंमत बघा, जी मुलं सकाळी त्यांच्या भरवशावर शाळेत पाठवायची, तीच मुलं संध्याकाळी त्यांच्यापासून जपायची!

मत घेतलं. मी आणि आणखी दोघं हरलो. ठरलं काय, तर रंगकामासाठी वाचनालय बंद.

मिस लोरेननी जिन्यात मला गाठलं. "बंद का?" मी म्हटलं, रंग द्यायचाय. त्या म्हणाल्या, "कोणता रंग?" मी वाचनालयाची किल्ली पर्समध्ये टाकली.  मग म्हणाल्या, "आता बघ, उघडतील. आणि उघडतील तेव्हा बसायला मिळणार नाही."

मी म्हटलं, नाही हो मिस लोरेन, आपली माणसं तशी नाहीत.

आपली माणसं तशीच निघाली. वाचनालय उघडलं. भिंतीला ब्रश लागलेला नव्हता. नियम मात्र नवा: बॅचलर मेंबरांनी पुस्तक दारातच घ्यायचं. आत बसायचं नाही. अध्यक्ष सर, तुम्ही मला समजावलंत, "मॅडम, आपण कुणाला बंदी करत नाही आहोत. ही फक्त सिस्टिम आहे." आठवतं ना? मला पाठ आहे.

मी चिडले तर शरीफभाईच मला म्हणाले, "ऱ्हावं दे ताई. आमच्यामुळं वाद नको. आमी आपलं हितंच उभं राहून वाचतो." आणि खरंच, ऑगस्टच्या उकाड्यात, एसी नसलेल्या त्या जिन्याच्या तोंडाशी तिघं उभे राहून वाचायला लागले.

चारला मिस लोरेन आल्या. दारातून आत बघितलं. ह्यांच्याकडे बघितलं. आत गेल्या नाहीत. पर्समधून पुस्तक काढलं आणि शरीफभाईंच्या शेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मुलं बाहेर आली. मिस, गोष्ट? त्या म्हणाल्या, "आज गोष्ट इथे." मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर बसली.

कमिटीतले एक जण धावत खुर्ची घेऊन आले. घाम फुटला होता त्यांना. "मिस लोरेन, प्लीज, तुम्ही बसा." मिस लोरेननी विचारलं, "ह्या तिघांसाठी?" "नाही नाही, ही तुमच्यासाठी. तुम्ही वयस्कर आहात. तुम्ही पाहुण्या आहात." त्या म्हणाल्या, "मग घेऊन जा. उभं राहून वाचायची मला पंधराव्या वर्षापासून सवय आहे."

पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही. शरीफभाई हात जोडून म्हणायचे, अम्मा, तुम्ही तरी बसा. त्या म्हणायच्या, तू बसलास की बसते. मी त्यांच्या शेजारी उभी राहायचे. पोटऱ्या भरून यायच्या माझ्या. त्यांचं काय होत असेल?

मग आपल्यातले काही सभ्य लोक नाओमीच्या शाळेत जाऊन तिला भेटले. म्हणाले, आईंना जरा आवरा. परदेशात आहोत, सगळे इकाम्यावर, राहण्याच्या परवान्यावर आहोत, उगाच त्यांनाच त्रास व्हायचा. नाओमीनं ऐकून घेतलं. म्हणाली, "माझ्या आजोबांनाही हेच सांगितलं होतं. त्यांनी दिलेलं उत्तर मला ठाऊक आहे. तेच माझं समजा." आणि त्यांना फाटकापर्यंत सोडून आली.

गेल्या महिन्यात मिस लोरेनना हृदयाचा झटका आला. हॉस्पिटलमध्ये होत्या. मी गेले तेव्हा बोलायला त्रास होत होता, तरी विचारलं, "सिस्टिम बदलली?" मी नाही म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या दमल्या होत्या म्हणाल तर म्हणा. मला तो राग दिसला. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

आज ह्या हॉलच्या दारात मी एक वाक्य ऐकलं. कोण बोललं ते सांगत नाही. "ह्या वयात त्यांना तासन्तास उभं राहायला कुणी सांगितलं होतं?"

कुणी सांगितलं होतं? आपण सांगितलं होतं! शरीफभाईंना बाहेर उभं केलं तेव्हाच सांगितलं होतं. आपल्याला वाटलं, फक्त ड्रायव्हर उभे राहतील. एखादी बाई त्यांच्या शेजारी येऊन उभी राहील, हे आपल्या हिशेबात नव्हतं. डॉक्टर म्हणतात हृदय आधीपासून कमजोर होतं. असेल. मी डॉक्टर नाही. पण हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर कुणी बोलू नये.

आणि मघाशी अध्यक्ष सरांनी जाहीर केलं, वाचनालयाला मिस लोरेनचं नाव देणार. टाळ्यासुद्धा वाजल्या. शोकसभेत टाळ्या! नाओमीला मी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, जिथे आईला बसता आलं नाही तिथे तिचं नाव लावू नका. सर, ऐकलंत? हा मुलीचा निरोप आहे. तिनं वाकून, नम्रपणे दिला असता तर तुम्हाला आवडलं असतं. मी तसाच देते, जसा तिनं दिला.

आता माझं शेवटचं. वाचनालयाची किल्ली चिटणिसाकडे असते. ती माझ्याकडे आहे. येत्या शुक्रवारी चार वाजता मी दार उघडणार आहे. जो मराठी वाचतो तो आत येईल. जो वाचत नाही आणि नुसतं बसायचंय, तोही येईल. दारात पुस्तक देणं बंद. मला पदावरून काढायचं असेल तर मीटिंग बोलवा, मत घ्या, खुशाल काढा. पण त्यासाठी आधी खाली या आणि शरीफभाई खुर्चीवर बसलेले असताना त्यांच्या तोंडावर सांगा, उठा म्हणून. त्यांचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. नाव घेऊन सांगा.

नाओमी परवा आईला घेऊन अमेरिकेला निघते आहे. त्याच गावात, आजोबांच्या गावात, माती देणार आहेत. नाओमी, आम्ही कुणी तिथे नसू. तिथल्या लोकांना सांग, पाच जणी होत्या. त्यातल्या एकीचं नाव आम्हाला माहीत आहे.

मिस लोरेन, तुम्हाला माझा नमस्कार. तुमच्या मुलांचा नमस्कार, जी आता घरी मराठी शब्द विचारतात. शरीफभाईंचा सलाम.

मंडळी, आता सगळे उठा. आपण दोन मिनिटं उभं राहू. त्या उभ्या होत्या त्याच्या मानानं हे काहीच नाही.