आईच्या घराची मागची बाजू

—नाही नाही, मागून नका काढू फोटो, त्याला दोरीच्या आत यावं लागतं, आणि आत कुणाला घ्यायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. पुढूनच काढा. सगळे पुढूनच काढतात. ठोकळ्यांचं हे बोरोबुदुरचं देऊळ कुठूनही काढलंत तरी तेच येणार—तेच जिने, तेच मजले, त्याच स्तूपांच्या रांगा... मी? छे हो, मी कुठली बनवतेय. आमच्या ह्यांनी बनवलंय. ती काय पाटी, वार्दोयो, योग्याकार्ता. ते गेलेत ठोकळ्यांच्या क्लबातल्या मंडळींबरोबर बाक्सो खायला, आणि मला बसवलंय राखणीला. असरच्या नमाजानंतर परीक्षक यायचेत, तोवर पोरांचे हात लागू द्यायचे नाहीत. रविवारी, मॉलमध्ये, खेळण्याच्या ठोकळ्यांना पोरांचे हात लागू द्यायचे नाहीत—स्वतः बसून दाखवा म्हणावं एकदा.

सुंदर आहे? आहेच सुंदर. मी कुठे नाही म्हणतेय? चार वर्षं आमच्या बैठकीच्या खोलीत कुणाला बसता आलं नाही, तेवढ्यात सुंदर नाही व्हायचं तर कधी. ईदला पाहुणे आले की आम्ही त्यांना स्वयंपाकघरात चटई घालून देतो. आणि गोंदाचा थेंब नाही हं कुठे. त्याचा फार अभिमान आहे ह्यांच्यात, नुसते एकावर एक दाबून बसवलेले. गोंद लावला की तुम्ही ह्यांच्यातले नाहीच. कारण प्रदर्शन संपलं की सगळं मोडायचं असतं, ठोकळे रंगारंगाने वेगळे करायचे, आणि त्यातूनच पुढचं उभं करायचं. ह्याच्यातले निम्मे आधी पेट्रोनास टॉवर होते, त्याच्या आधी आणखी कायतरी होते. ‘आमच्यात कायमचं काही नसतं’ असं म्हणतात आमचे हे, आणि असं म्हणतात की जसं काही मोठं ज्ञान सांगतायत. ठोकळा तो ठोकळा. हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलंय, म्बाक, अहो ताई, की आता कुणी म्हटलं की डोक्यात तिडीकच जाते.

तुम्हाला घाई नाही ना? मग टेका तिथे. नाही, स्टुलावर टेका, त्या पेटीवर नको.

मी पण एक बनवलं होतं. हसू नका. हसला नाहीत? बरं. म्हणजे बोरोबुदुर नव्हे, आयफेल टॉवर नव्हे, जगात कुणी नाव ऐकलेलं असं काही नव्हे. माझ्या आईचं घर. मेरापी ज्वालामुखीच्या उतारावर होतं, वर, जिथे लोक गाई पाळतात. दोन हजार दहाला डोंगर फुटला तेव्हा गेलं. माणसं वाचली आमची, खाली स्टेडियमवर नेऊन ठेवलं होतं सगळ्यांना. घर गेलं, गोठा गेला, गाई गेल्या, लग्नाचे फोटो, आमचे शाळेतले फोटो, सगळं. राख पण अशी की तुम्हाला कळणार नाही आपण कुणाच्या अंगणात उभे आहोत. मग सरकारने आईला खाली घर दिलं, बरं होतं, पक्कं होतं, तिला ते कधी आवडलं नाही, आणि त्यातच ती गेली. तर ते वरचं घर मी ह्यांच्या उरल्यासुरल्या ठोकळ्यांतून बनवायला घेतलं. हे म्हणाले घे, जुने घे, ओरखडे पडलेले घे. केवढे उपकार.

मला एकटीला सगळं आठवत नव्हतं. मी लग्न होऊन लवकर खाली आले ना. सुहार्ती, माझी बहीण, ती जास्त राहिली आईजवळ. ती सुमात्रात असते, लाम्पुंगला. मग फोनवर. मी इकडे ठोकळा धरून दाखवायची, ती तिकडून ओरडायची—अगं आंधळे, दार तिथे कुठे, दार न्हाणीकडे. मी म्हणायची तूच आंधळी. आणि काय भांडायचो आम्ही! एका फणसाच्या झाडावरून बोलणं बंद होतं आमचं, कळतंय का तुम्हाला, झाड कुठे होतं ह्याच्यावरून. शेवटी तिचंच खरं निघायचं, कारण ती सांगायची कशी, तर आई तिथून हाक मारायची तर आवाज कुठून यायचा, असं सांगायची. आणि ती म्हणाली की मला पटायचं. छप्पर मी राखाडी केलं. कौलं लाल असतात, मला माहीत आहे. पण डोंगराची राख बसून बसून ते छप्पर मी कधी लाल पाहिलंच नाही. सुहार्ती म्हणते... म्हणायची, की तिने पाहिलंय.

गेली ती. रमजानच्या आधी. पाणी नको, ठीक आहे मी. दुःख नाही हे, संताप आहे, ह्यात गल्लत करू नका. मी तिच्या चाळिसाव्याच्या जेवणाला लाम्पुंगला गेले होते. लोकांना वाढत होते, भांडी घासत होते, आणि इकडे ह्या माणसाचे राखाडी उतरते ठोकळे संपले.

हं. ते बघा, तिथे, खालच्या मजल्याच्या कडेला जी उतरती किनार आहे ना. परदेशातून मागवलेला खोका आला नाही वेळेवर, क्लबातल्या कुणीतरी बाकीचे आधीच उचलले होते, प्रदर्शन तोंडावर आलं. आणि कपाटावर माझं घर. राखाडी छपराचं.

मी परत आले तर कपाटावर नुसती घराखालची हिरवी पट्टी. आणि तिच्यावर गोठ्यातली खेळण्यातली गाय उभी. गाय नीट ठेवली होती हो बाजूला, राखाडी नव्हती ना. मी विचारलं, घर कुठाय? तर हे जेवत होते, तेम्पे खात होते, घास गिळून म्हणाले, ‘वापरलं. सोमवारी मोडलं की परत देतो तुला, एकूण एक.’ एकूण एक! जशी काय वाटी नेली होती शेजाऱ्याने. पिशवी हातातच होती अजून माझ्या. तर म्हणाले, ‘असं काय करतेस, मी फोटो काढून ठेवलाय मोडायच्या आधी.’ आणि खरं सांगते, एक क्षण मला वाटलं, चला, माणूस अगदीच दगड नाही. मोबाइल दिला माझ्या हातात. एक फोटो. पुढून. मी बोट फिरवतेय, पुढचा, पुढचा, तर पुढे मेलं बोरोबुदुरच बोरोबुदुर. मी म्हटलं मागचा कुठाय? बाजूचे? तर चेहरा बघायचा होता तुम्ही. खरोखर कळलं नाही त्यांना. म्हणाले, एक बाजू असली की पुरतं.

त्यांचं पुरतं हो. चार वर्षं ह्याच्यात डोकं घातलंय, ह्याची एक बाजू केली की तीच पुन्हा तीन वेळा करायची, क्लबात सगळे तेच शिकवतात एकमेकांना. पण माणूस राहतं त्या घराला मागची बाजू असते. आमचं तर सगळं मागेच होतं. पुढे काय, ओटा आणि दोन खिडक्या, पाहुण्यांना दाखवायला. चूल मागे, पाण्याची टाकी मागे, गोठा मागे, आई मागे. पुढून काढलेल्या फोटोत आई कुठून येणार?

हे मी त्यांना म्हटलं नाही. तुम्हालाच म्हणतेय. त्यांना म्हटलं, चहा घेणार का. असं वागतो आपण, दुसरं काय.

म्हणून सोमवारची वाट मी नाही बघायची. धरा जरा हा डबा. धरा हो, काही होत नाही, मोडत नाही बोरोबुदुर. चारी बाजू सारख्याच आहेत ना? मग एक कमी झाली तर तीन आहेत की. परीक्षक पुढूनच बघतील. नखाने निघतात बघा किती सहज—हे माझेच असतील कशावरून, तेही नाही माहीत. पण ठोकळा तो ठोकळा, त्यांचंच म्हणणं आहे. लोक बघतायत? बघू देत. त्यांना वाटतंय मी दुरुस्ती करतेय. पट्टी आणलीय मी घरून, पिशवीत आहे, काढा. आणि गाय.

बसवायला काय लागतंय, सगळं माझ्या डोक्यात आहे. ओटा हा असा. भिंत. हिला खिडकी, आणि हिला खिडकी. हे पुढचं झालं. न्हाणी इकडे, दार न्हाणीकडे, ते तर सुहार्तीने पक्कं करून घेतलं होतं माझ्याकडून. आता चूल, ही कोपऱ्यात, आणि चुलीमागून गोठ्यात जायचं दार. दाराला पायरी. आई पहाटे उठायची, चूल पेटवायची, कमरेवर गवताचा भारा घ्यायची आणि ह्या दारातून गोठ्यात... पायरी वर होती. नाही. गोठा खाली होता, उतारावर होता ना, म्हणजे खाली पाय टाकायची. पण मग पावसाचं पाणी चुलीत यायचं ते कुठून यायचं? म्हणजे गोठा वर. थांबा. भारा कमरेवर, एक हात चौकटीला, आणि पाय...

जरा बोलू नका.

हात चौकटीला. पाय—

सुहार्तीने बसवून घेतली होती ही पायरी माझ्याकडून, अशीच का, हे मी विचारलं पण नव्हतं तिला. ती म्हणाली, मी बसवली.

तुम्ही जा, म्बाक. तो डबा ठेवा खाली आणि जा. समोर उभ्या राहू नका अशा, उजेड अडतोय माझा.